दुसऱ्या खिडकीतले हाड

लातूरला माध्यमिक शिक्षकांचे दोन दिवसांचे एक शिबिर होते, आणि त्यासाठी आम्ही नांदेडहून गेलो होतो. इतिहास आणि विज्ञान या विषयांच्या शिक्षकांनी एकाच प्रश्नावर मिळून विचार करावा, अशी कल्पना होती. सुरुवात म्हणून आम्ही एक माहितीपट दाखवला. ब्रिटनच्या चॅनल फोर या दूरचित्रवाहिनीने ४ फेब्रुवारी २०१३ रोजी प्रथम दाखवलेला ‘द किंग इन द कार पार्क’.

त्याची कथा थोडक्यात अशी. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड २२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉस्वर्थच्या लढाईत मारला गेला. लेस्टरमधल्या फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चमध्ये त्याला पुरले. पुढे पन्नासेक वर्षांनी मठ बंद झाला, इमारत पाडली गेली आणि थडग्याचा पत्ता हरवला. २०१२ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या मोटारी उभ्या करायच्या आवारात चर खणले, तेव्हा एक सांगाडा हाती लागला. कणा एका बाजूला वाकलेला, कवटीवर शस्त्रांच्या खुणा, वय तिशीच्या आसपास. राजा मरताना ३२ वर्षांचा होता. माहितीपटात हे सगळे क्रमाने येते, कवटीवरून केलेला राजाचा चेहराही दाखवतात, आणि शेवटी डीएनए जुळल्याचे जाहीर होते. शिबिरात त्या क्षणी टाळ्या पडल्या.

आम्हाला मात्र टाळ्यांनंतरच्या भागात जास्त रस होता. विद्यापीठाने निष्कर्ष जाहीर केला तो ४ फेब्रुवारीला आणि माहितीपट दाखवला गेला तोही त्याच दिवशी. डीएनएचा सविस्तर शोधनिबंध प्रसिद्ध झाला २ डिसेंबर २०१४ रोजी, म्हणजे बावीस महिन्यांनी. त्यात जे होते ते माहितीपटाइतके गुळगुळीत नव्हते. रिचर्डच्या बहिणीच्या वंशातली, केवळ मुलींच्या साखळीने खाली आलेली दोन माणसे हयात होती. त्यांच्यापैकी एकाचा मातृवंशाचा डीएनए सांगाड्याशी तंतोतंत जुळला, दुसऱ्याचा एका अक्षराच्या फरकाने. पण पितृवंशाचे पाच नातेवाईक तपासले, तर त्या पाचांतला एकही सांगाड्याशी जुळला नाही! कागदावरच्या वंशावळीत कुठेतरी नोंदलेला बाप आणि खरा बाप वेगळे होते, एवढाच त्याचा अर्थ.

कार्बन-१४ च्या कालमापनाचेही असेच. हाडाचे पहिले आकडे आले ते रिचर्डच्या मृत्यूच्या आधीचे, काही १४३० ते १४६० च्या दरम्यानचे. मग लक्षात आले की हा माणूस मासे भरपूर खात होता. समुद्रातला कार्बन जमिनीवरच्यापेक्षा ‘जुना’ असतो, त्यामुळे मासे खाणाऱ्याचे हाड खरे असते त्याहून जुने भासते. तेवढी दुरुस्ती केल्यावर काळ १४५६ ते १५३० असा आला. शेवटी जुळलेले, न जुळलेले, सगळे पुरावे एकत्र धरून संशोधकांनी आकडेमोड केली आणि हा सांगाडा रिचर्डचाच असण्याची शक्यता ९९.९९९ टक्के सांगितली. न जुळलेला पितृवंशसुद्धा हिशेबात धरून हा आकडा आला आहे, हे शिक्षकांनी ध्यानात ठेवावे.

उदगीरचा प्रश्न

चर्चेत उदगीरच्या एका इतिहासाच्या बाईंनी विचारले, “मग आपल्या भाऊसाहेबांचं असं काही करता येईल का?”

प्रश्न अगदी रास्त होता. सदाशिवरावभाऊंनी निजामावर मोठा विजय मिळवला तो फेब्रुवारी १७६० मध्ये, उदगीरलाच. त्यानंतर वर्षही पुरे झाले नाही तोच, १४ जानेवारी १७६१ रोजी, ते पानिपतावर गेले. पण खरेच गेले का, ही शंका महाराष्ट्रात पुढची पंधरा वर्षे राहिली.

शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेला काशीराज पंडित या लढाईच्या वेळी तिथे हजर होता. त्याच्या फारसी वृत्तांतात भाऊंचे प्रेत ओळखण्याची हकीकत आहे. धडाला डोके नव्हते. भाऊंना ओळखणाऱ्या मराठी वकिलांना ते दाखवले. त्यांनी खुणा पाहिल्या. मांडीवर रुपयाएवढा काळा डाग. पाठीवर जुन्या जखमेचा व्रण, जो मुजफ्फरखानाच्या कट्यारीचा होता. तळपायावरच्या शुभ मानलेल्या रेषा. डोके दुसऱ्या दिवशी मिळाले. मग शुजाच्या रदबदलीने दहनाची परवानगी मिळाली.

आजच्या न्यायवैद्यकाच्या दृष्टीने हा पुरावा मुळीच टाकाऊ नाही. जुन्या जखमेचा व्रण, जन्मखूण, ओळखणारे दोन साक्षीदार, यांवर आजही प्रेते ओळखली जातात. पण हा पुरावा होता पानिपतावर आणि शंका होती पुण्यात. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही. पुढे बुंदेलखंडाकडचा एक कनोजी ब्राह्मण आपणच भाऊ असल्याचे सांगत प्रकट झाला. थोरल्या माधवरावांच्या काळात त्याची चौकशी होऊन तो कैदेत पडला. १७७६ साली रत्नागिरीच्या अधिकाऱ्याने त्याला सोडले, आणि पाहता पाहता कोकणात हजारो माणसे त्याच्याभोवती जमली, किल्ले त्याच्या हाती गेले. अखेर आंग्र्यांनी त्याला पकडले. पुण्यात पंचांसमोर पुन्हा चौकशी झाली, भाऊंना जवळून ओळखणाऱ्यांनी त्याला पाहिले, तो तोतया ठरला आणि त्याच वर्षी त्याला देहान्त शिक्षा झाली. माणसाची ओळख पटणे हा राज्यकारभाराचा केवढा गंभीर प्रश्न होऊ शकतो, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही.

बाईंच्या प्रश्नाचे उत्तर मात्र ‘नाही’ असेच द्यावे लागले. चितेत हाडे कित्येक शे अंश तापतात. हाडातले कोलॅजेन जळून जाते, आणि ज्या सांगाडीच्या आश्रयाने डीएनए टिकतो ती खनिजांची बांधणीही बदलते. मागे उरते ते कॅल्शियमचे क्षार. त्यातून वाचण्यासारखा डीएनए मिळण्याची आशा जवळजवळ नसते. देवगिरीचे यादव घ्या, भोसले घ्या, पेशवे घ्या. ज्यांचे दहन झाले त्यांच्या बाबतीत ही वाट बंदच आहे. आपल्याकडची छत्री किंवा समाधी ही बहुधा त्या जागेची खूण असते.

“म्हणजे आपल्या भागात असं काही झालंच नाही म्हणा,” विज्ञानाचे एक सर म्हणाले. तसे नाही. झाले आहे, आणि तेही फार लांब नाही. हाड निघाले गोव्यात. तपासले गेले हैदराबादला, जिथे नांदेडहून रात्रीच्या गाडीत बसले की सकाळी पोचता येते. फक्त ते हाड होते जॉर्जिया देशाच्या एका राणीचे. किंवा, अचूक बोलायचे तर, बहुधा तिचे.

काखेतीची राणी

काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्र यांच्या मधोमध, कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेला जॉर्जिया आहे. सोळाव्या शतकात तिथे लहान लहान ख्रिस्ती राज्ये होती आणि त्यांच्या दोन्ही अंगांना दोन बलाढ्य सत्ता: पश्चिमेला तुर्क, दक्षिणेला इराणचे सफवी. दोन पाट्यांमध्ये सापडलेल्या दाण्यासारखी अवस्था. पूर्वेकडच्या काखेती राज्याचा राजा पहिला दाविद, त्याची राणी केतेवान. दाविद १६०२ साली वारला. १६०५ मध्ये त्याचा भाऊ कॉन्स्टंटाईन याने इराणच्या पाठबळावर आपला बाप आणि भाऊ यांना मारून गादी बळकावली. केतेवानने सरदार गोळा करून त्याच्याविरुद्ध उठाव केला, त्यात कॉन्स्टंटाईन मारला गेला. मुलगा तेमुराझ लहान होता, त्याच्या नावाने तिने कारभार पाहिला. आपल्या वाचकांना इथे ताराबाई आठवल्याखेरीज राहणार नाहीत.

१६१४ साली इराणचा शाह अब्बास काखेतीवर चालून आला. बोलणी करायला आणि ओलीस म्हणून केतेवान त्याच्याकडे गेली. ती परत आली नाही. सुमारे दहा वर्षे ती शिराझ शहरात कैदेत होती. धर्म बदलावा म्हणून तिच्यावर दबाव आला, तिने नकार दिला, आणि सप्टेंबर १६२४ मध्ये तापलेल्या सांडसांनी यातना देऊन तिला ठार करण्यात आले.

यात गोवा कुठून आला? ऑगस्टिनियन पंथाचे पोर्तुगीज पाद्री गोव्यात १५७२ पासून होते. इराणमध्ये त्यांचे ठाणे इस्फहानला होते आणि १६२३ साली, म्हणजे राणीच्या मृत्यूच्या केवळ एक वर्ष आधी, त्यांनी शिराझला मठ काढला. राणीचा शेवट त्यांनी जवळून पाहिला. काही महिन्यांनी त्यांनी गुपचूप तिचे अवशेष उकरून काढले. पुढे १६२८ मध्ये अवशेषांचा काही भाग त्यांनी जॉर्जियात नेऊन तेमुराझच्या स्वाधीन केला. त्याआधी १६२७ साली उजव्या हाताचे हाड गोव्याला आणले गेले होते आणि जुन्या गोव्यातल्या नोसा सेन्योरा द ग्रासा या त्यांच्या मठात ठेवले गेले.

पाद्री मंडळींना नोंदी ठेवायची शिस्त होती. आपल्या कथेचा सगळा डोलारा या शिस्तीवर उभा आहे. मठाच्या नोंदीनुसार हे हाड ‘चॅप्टर चॅपेल’ नावाच्या दालनात, ‘एपिसल’ बाजूच्या दुसऱ्या खिडकीत, दगडी पेटीत ठेवले होते. वेदीकडे तोंड करून उभे राहिले की उजव्या हाताला येते ती एपिसल बाजू. इतका नेमका पत्ता आपल्याकडच्या कित्येक सरकारी दप्तरांतही मिळायचा नाही.

पण पत्ता असून घर नाही, अशी स्थिती झाली. १८३५ साली पोर्तुगीज सरकारने हे धार्मिक पंथ बरखास्त केले. मठ ओस पडला. १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले. त्याची मोठी घंटा पुढे १८७१ साली पणजीच्या चर्चमध्ये गेली, ती आजही तिथे आहे. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा पडला. गोव्याची सहल नेणाऱ्या शिक्षकांनी ही जागा पाहिली असेल: बासिलिकापासून थोडे वर, टेकडीवर, जांभ्या दगडाचा तो उंच, अर्धवट उभा मनोरा. मुळात तो सुमारे ४६ मीटर उंच होता. मुले तिथे फोटो काढतात आणि पुढे जातात.

जॉर्जिया तेव्हा सोव्हिएत संघात होता. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथली पथके या अवशेषांच्या शोधात गोव्याला येऊ लागली. अडचण होती ती साधी. खिडक्याच शिल्लक नव्हत्या. ढिगाऱ्यात चॅप्टर चॅपेल कोणते, आणि त्याची दुसरी खिडकी कोणती? भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने हे काम चिकाटीने केले. ढिगारा काढून भिंतींचे पाये मोकळे केले, जमिनीतल्या थडग्यांवरचे कोरीव लेख जुन्या नोंदींशी ताडून पाहिले आणि २००४ च्या सुमारास त्या दालनाची जागा निश्चित केली. तिथल्या उत्खननात तीन हाडे मिळाली. त्यांना क्रमांक दिले गेले: क्यूकेटी-१, २ आणि ३.

प्रयोगशाळेत

हाडे हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी, म्हणजे सीसीएमबी या संस्थेकडे गेली. नीरज राय, कुमारसामी थंगराज, लालजी सिंग आणि सहकारी यांनी त्यांवर काम केले. उत्खनन करणारे निजामुद्दीन ताहेर हेही शोधनिबंधाचे एक लेखक आहेत, ही चांगली गोष्ट. पुष्कळदा खणणाऱ्याचे नाव आभारात जाते.

जुन्या हाडात डीएनए टिकणे हा तापमानाचा खेळ आहे. न्यूझीलंडमधल्या मोआ या नामशेष पक्ष्याच्या हाडांवर २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी १३ अंश सेल्सियसला डीएनएचे ठरावीक लांबीचे तुकडे निम्मे व्हायला सुमारे ५२१ वर्षे लागतात, असे त्यात निघाले. गोव्याचे सरासरी तापमान याच्या दुप्पट, शिवाय पावसाळ्यात पाण्याचा मारा. तिथे हे निम्मे होणे कितीतरी वेगाने होते. म्हणून अशा हाडात केंद्रकातला डीएनए शोधण्याऐवजी तंतुकणिकेतला, म्हणजे मायटोकाँड्रियामधला डीएनए शोधतात. कारण साधे आहे. पेशीच्या केंद्रकात प्रत्येक जनुकाच्या दोनच प्रती असतात. तंतुकणिका मात्र पेशीत शेकड्यांनी असतात आणि त्यांच्या डीएनएच्या प्रती शेकडो ते हजारो. एखाद्या गावच्या वाचनालयाला आग लागली, तर दोनच प्रती असलेला ग्रंथ बहुधा जाईल. घरोघरी असलेल्या पंचांगाची एखादी तरी प्रत सापडेल.

तंतुकणिकेच्या डीएनएत १६,५६९ अक्षरे असतात आणि तो फक्त आईकडून मिळतो. मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही आईचाच. पुढे मात्र तो फक्त मुलीमार्फत जातो. पिढ्यान् पिढ्या क्वचित एखादे अक्षर बदलते, आणि अशा बदलांवरून माणसांचे मातृवंशाचे गट पाडलेले आहेत. त्यांना हॅप्लोग्रुप म्हणतात.

क्यूकेटी-१ या हाडाचा गट निघाला यू१बी. बाकीच्या दोन हाडांत तो नव्हता. मग तुलना झाली. भारतीय उपखंडातल्या २२ हजारांहून अधिक लोकांच्या माहितीत हा गट एकदाही आढळला नाही. जॉर्जियातल्या ३० जणांचे नमुने पाहिले, तर त्यांतल्या दोघांत तो होता.

हे वाचून आमचा पहिला प्रश्न होता तो भेसळीचा. जुन्या हाडाला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा घाम, त्वचेचे कण त्यात मिसळू शकतात आणि आपण राणीऐवजी खणणाऱ्याचाच डीएनए वाचून बसतो. जगभर अशा फजित्या झाल्या आहेत. इथे मात्र निकालानेच एक प्रकारे भेसळीचा संशय दूर केला. जो गट हजारो भारतीयांत मिळत नाही, तो गोव्यातल्या मजुराच्या किंवा हैदराबादच्या संशोधकाच्या हातून हाडात येणे अवघड आहे.

आता थोडे गणित. हे गणित आमचे आहे, शोधनिबंधातले नव्हे, आणि अकरावी-बारावीच्या मुलांना करता येईल असे आहे. २२ हजारांत शून्य म्हणजे प्रमाण शून्यच, असे म्हणता येत नाही. संख्याशास्त्रात एक सोपा ठोकताळा आहे: ‘न’ वेळा पाहून एकदाही न आढळलेल्या गोष्टीचे खरे प्रमाण ९५ टक्के खात्रीने ३ भागिले ‘न’ पेक्षा कमी असते. म्हणजे इथे २२ हजारांत ३ पेक्षा कमी. सुमारे ७,३०० माणसांत एकापेक्षा कमी. जॉर्जियात प्रमाण ३० मध्ये २, म्हणजे १५ माणसांत एक. ७,३०० भागिले १५ केले तर सुमारे ४९० येतात. तेव्हा हे हाड भारतीय माणसाचे असण्यापेक्षा जॉर्जियातल्या माणसाचे असण्याच्या बाजूने डीएनएने पारडे किमान पाचशे पटींच्या घरात झुकवले. (जॉर्जियाचे नमुने तीसच आहेत, म्हणून हा आकडा फार गंभीरपणे घेऊ नये. तीसमध्ये दोनऐवजी एक आला असता, तर तो निम्म्यावर आला असता.)

पण इथेच थांबलो तर फसू. जॉर्जियात १५ मध्ये एक म्हणजे त्या देशातल्या हजारो बायकांत आणि पुरुषांत हा गट आहे. शेजारच्या प्रदेशांतही आहे. डीएनएने ‘केतेवान’ हे नाव उच्चारलेलेच नाही! त्याने फक्त एक प्रदेश सांगितला. शिवाय आपण तुलना कोणाशी केली? भारतीयांशी. त्या मठात तर पोर्तुगीज पाद्री राहात, मरत आणि पुरले जात. सतराव्या शतकातल्या गोव्यात आर्मेनियन व्यापारीही होते. यू१ हा मोठा गट युरोपात विरळ आहे, पण अजिबात नाही असे नाही. कोणी असा आक्षेप घेतला की हे हाड एखाद्या आर्मेनियन भाविकाचे असेल, तर डीएनएकडे त्याला उत्तर नाही.

उत्तर आहे ते खिडकीकडे. आर्मेनियन माणूस मठात पुरला गेला असू शकेल, पण चॅप्टर चॅपेलमध्ये, नोंदीने सांगितलेल्या नेमक्या त्या जागी? शिवाय क्रम पाहा. आधी कागद होता, त्याने जागा सांगितली. मग खणले. मग डीएनए वाचला. हाड आधी सापडून त्याच्यासाठी नंतर राणी शोधली असती, तर याच यू१बीला फारच कमी किंमत राहिली असती. मठाच्या आवारात शंभर ठिकाणी खणून शंभर हाडे तपासली असती, तरी एखादे कुठले तरी परदेशी निघालेच असते. इथे तपासली तीन. तीनशे वर्षांहून जुन्या नोंदीने जे आधी सांगून ठेवले होते, ते नंतर खरे उतरले, आणि या पुराव्याचे खरे बळ तेच आहे.

संशोधकांनी मात्र आपली मर्यादा सांभाळली. ‘मायटोकाँड्रियॉन’ या नियतकालिकाच्या २०१४ च्या खंडात आलेल्या त्यांच्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच ‘बहुधा’ हा शब्द आहे: पश्चिम भारतात मिळालेले अवशेष बहुधा जॉर्जियाच्या केतेवान राणीचे आहेत. शीर्षकात असा शब्द घालायला धैर्य लागते. बातमीत तो पहिल्यांदा गळतो, आणि माहितीपटात तर त्याला जागाच नसते. ‘बहुधा’ शब्दावर कोणी टाळ्या वाजवत नाही.

लेस्टर आणि गोवा यांच्यातला फरकही इथेच आहे. तिथे राजाच्या बहिणीच्या वंशातली जिवंत माणसे मिळाली, म्हणून तुलना एका घराण्याशी करता आली. त्या मातृवंशाचा नमुना युरोपातल्या २६ हजारांवर लोकांच्या माहितीत दुसरीकडे कुठे नव्हता. जखमा होत्या, वाकलेला कणा होता, वय होते, अख्खा सांगाडा होता. गोव्यात एक हाड आणि एक देश. तरीही पुराव्याचा क्रम पाहता गोव्याचे काम आम्हाला अधिक शिकवण्याजोगे वाटते. त्यात इतिहासाच्या शिक्षकाला विज्ञानाच्या शिक्षकावाचून पुढे जाता येत नाही आणि विज्ञानाच्या शिक्षकाला इतिहासाच्या शिक्षकावाचून सुरुवातच करता येत नाही.

सप्टेंबर २०१७ मध्ये भारताने हे अवशेष काही काळासाठी जॉर्जियाला पाठवले. मुदत वाढत वाढत वर्षभराची झाली आणि २०१८ मध्ये ते परत आले. जॉर्जियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चने केतेवानला संत मानलेले असल्यामुळे दर्शनाला लोकांची रीघ लागली होती. जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी त्बिलिसीला जाऊन अवशेषांचा एक भाग जॉर्जियाला कायमचा भेट दिला.

लातूरच्या शिबिरात शेवटी आम्ही एक प्रश्न फळ्यावर लिहिला. ‘बहुधा’ हा शब्द काढायचा असेल तर कोणाचे हाड तपासाल? राणीचे वंशज, असे उत्तर पटकन आले. केतेवानचा मुलगा तेमुराझ. हा चांगला कवीही होता, आईच्या हौतात्म्यावर त्याने १६२५ साली काव्य लिहिले आहे. त्याची मुले, नातवंडे, आजची कोणी माणसे? मग कोणाच्या तरी लक्षात आले की तेमुराझ पुरुष असल्याने आईचा तंतुकणिकांचा डीएनए त्याच्यापाशीच थांबला. त्याच्या मुलांना त्यांच्या आईचा मिळाला. म्हणजे आज हयात असलेला तेमुराझचा कितीही खरा वंशज उभा केला, तरी तो इथे उपयोगाचा नाही. केतेवानच्या बहिणींची किंवा मावश्यांची मुलींमार्फत आलेली शाखा हवी, आणि तशी शाखा चारशे वर्षे कागदावर टिकवून ठेवायची पद्धत जॉर्जियातही नाही आणि आपल्या कुलवृत्तांतांतही नाही.

पण स्वतः तेमुराझच्या हाडात आईचा डीएनए असणारच. तो इराणच्या कैदेत १६६० च्या दशकात वारला. त्याला जॉर्जियात आणून अलावेर्दीच्या कॅथीड्रलमध्ये पुरल्याचे सांगतात. त्या हाडातला डीएनए वाचला आणि तो क्यूकेटी-१ शी अक्षरन् अक्षर जुळला, तर ‘बहुधा’ जवळजवळ पुसता येईल. आणि अलावेर्दीचे ते थडगे नक्की तेमुराझचे असेल, त्याचा मातृवंश यू१बी सोडून दुसराच निघाला, तर दुसऱ्या खिडकीत सापडले असले तरी ते हाड केतेवानचे नव्हे.